जंगलातला ओढा, आमचा बंधारा आणि चढणीचे मासे

जंगलातल्या प्राण्यांना पाणी मिळावं म्हणून ओढ्यावर बंधारा घालायला निघालेल्या आमच्याच ग्रुपचं हे प्रकरण आहे, त्यामुळे शहाणपणा शिकवायला लिहीत नाहीये, उलट आपण कुठे कुठे गंडलो ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून लिहितोय. ओढ्याचं नाव, गावाचं नाव, माणसांची नावं मुद्दाम टाळलीयेत. खोरं मात्र कोयनेचंच, ते लपवून काही कळणार नाही.

पार्श्वभूमी

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि मग आपल्या बाकीच्या नद्यांसारखी पूर्वेला न पळता सरळ दक्षिणेला उतरत जाते, हेळवाकपाशी वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण नकाशा उघडून बघितला तर हेळवाकच्या वरच्या अंगाला नदी दिसतच नाही, दिसतो तो शिवसागर, सुमारे ५० किलोमीटर लांब. १९६० च्या दशकात धरण झालं तेव्हा खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. म्हणजे तिथलं वाहतं पाणी आता उरलंय ते मुख्यतः बाजूच्या ओढ्यांमध्ये, जे डोंगरावरून येऊन जलाशयाला मिळतात. ही एक गोष्ट आम्हाला तेव्हा कळली असती तर पुढचं अर्धं रामायण झालंच नसतं.

१९८५ ला इथे कोयना अभयारण्य झालं, साधारण ४२३ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये कोयना आणि दक्षिणेचं चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ ला पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यात ही दोन्ही आहेत. जंगल कसलं म्हणाल तर अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, उतारावर कारवीचं रान, वर जांभ्या दगडाचे उघडे सडे. गवा, सांबर, भेकर, पिसोरी, शेकरू, अस्वल, बिबट्या, रानकुत्रे असं सगळं. अभयारण्यातली काही गावं उठून बाहेर वसली, त्यांची जुनी गावठाणं आत तशीच आहेत, जोती, तुळशीवृंदावनं, आंब्याची झाडं, पाण्याची टाकी.

पावसाचं म्हणाल तर कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आणि खाली काळा कातळ, त्यात पाणी फार मुरत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्या ओढ्यात हत्ती वाहून जाईल तोच ओढा एप्रिलमध्ये डोहाडोहांत तुटलेला असतो, मध्ये नुसते दगड. कुठे सड्याखालून झरा पाझरतो तेवढीच ओल.

अडचण, म्हणजे आम्हाला वाटलेली अडचण

आम्ही आठ-दहा जण, सातारा-कराड-पुण्याचे, ट्रेकमधून जंगलाच्या नादाला लागलेले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायचा कार्यक्रम असतो, त्यात मी आणि एक मित्र या ओढ्याच्या डोहावर होतो. रात्री दोनच्या सुमाराला गव्यांचा कळप उतरला. चांदण्यात पांढरे पायमोजे स्पष्ट दिसत होते. डोहात पाणी किती, तर आपल्या घरच्या दोन खोल्यांएवढं, हिरवट, वर पानांचा थर. मोठी मादी पुढे झाली, नाकाने पानं बाजूला सारली आणि प्यायली, मग वासरू. माझ्या पोटात कालवलं. एवढं मोठं जनावर आणि एवढंसं पाणी.

सकाळी खाली उतरून त्या डोहाचा फोटो टाकला, खाली लिहिलं "यांच्यासाठी काहीतरी करायला हवं". झालं. चार दिवसांत लोक पैसे विचारायला लागले, एकाच्या ऑफिसमधून सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीचा) विषय निघाला, कुणाचा मेहुणा सिव्हिल इंजिनिअर. महिन्याभरात आमच्याकडे सिमेंट बंधाऱ्याचं ड्रॉइंग होतं आणि बोर्डावर कुणाची नावं टाकायची यावर चर्चा सुरू होती.

प्राण्यांना पाणी खरंच कमी पडतंय का, हा प्रश्न या सगळ्यात कुणीच विचारला नाही. एकाने सोडून.

आमच्याबरोबर मचाणाच्या ड्युटीला एक वनमजूर मामा होते, आतल्याच एका उठलेल्या गावचे. त्यांना मोठ्या उत्साहाने ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा केला. म्हणाले, "ह्यो डव्ह दर साली असाच असतोय. माझा बा असल्यापास्नं. आटत न्हाय कधी." आणि जरा थांबून, "भित बांधली तर मासं कुटनं चढायचं?" आम्ही हसून विषय बदलला. मासे! आम्ही गव्याबद्दल बोलतोय आणि मामांना मासे आठवतायत.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो हसण्यावारी गेला. आज विचार केला तर त्या एका वाक्यात अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट होता.

ब्रेक कुठे लागला

ब्रेक लागला तो कायद्याने, आमच्या अकलेने नाही. रेंजरसाहेबांकडे प्रस्ताव घेऊन गेलो तर त्यांनी चहा पाजला आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ वाचायला दिलं. १९७२ चा कायदा. त्यात प्राणी मारू नका, झाडं तोडू नका एवढंच असेल असं मला वाटायचं. पण अभयारण्यात पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं किंवा वाढवणं हे सुद्धा त्यात सरळ नाव घेऊन बंद केलंय, आणि करायचंच असेल तर चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनचा परवाना लागतो, तो सुद्धा सरकारने राज्य वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून, हे वन्यजीवांच्याच भल्याचं आहे अशी खात्री पटल्यावर. साहेब म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनाने आलाय, पण भलं कशात आहे ते आधी दाखवा. पावसाळा लागला की एकदा ओढा चढून या, कुणीतरी जाणकार सोबत घेऊन."

आमच्यातले दोघे फार चिडले, सरकारी काम असंच म्हणून. मी पण चिडलो होतो, खोटं कशाला बोला.

जूनमधला तो दिवस

ओळखीतून एका कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या मॅडम मिळाल्या, गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करणाऱ्या. पहिला जोराचा पाऊस होऊन ओढा वाहायला लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. अभयारण्याच्या हद्दीच्या जरा बाहेर याच ओढ्यावर एक जुना सिमेंट बंधारा आहे, कुठल्या तरी योजनेतला, कुणी कधी बांधला ते कोनशिलेवरून पुसलं गेलंय. छातीएवढी भिंत. वरच्या बाजूला गाळाने काठोकाठ भरलेला, म्हणजे पाणी साठवायचं मूळ काम तर कधीच संपलेलं. त्याच्या पायथ्याशी मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "बघा आता."

भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा पडत होता आणि त्या ओल्या सिमेंटला बोटाएवढे मासे चिकटलेले. सगळ्यांची तोंडं वरच. मळ्या नावाचा मासा. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो दगडाला धरून ठेवतो, जरा सुटतो, इंचभर वर सरकतो, परत धरतो. अर्ध्या भिंतीपर्यंत यायचे आणि जिथे सिमेंटचा ओठ पुढे आलाय तिथून सुटून खाली पडायचे, परत सुरू. त्यांच्यामागे मुऱ्या, पट्ट्यापट्ट्याच्या. आणि खालच्या फेसाळ पाण्यात मोठे मासे नुसते घिरट्या घालत होते, मामा म्हणाले खडशी. काठावर चार पोरं घमेली आणि जाळी घेऊन बसलेली, त्यांना पाण्यात हात घालायचीही गरज नव्हती, भिंतीने त्यांचं काम केलेलं. पोरांना काय दोष द्यायचा, चढणीचे मासे खाणं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचं आहे, पहिल्या पावसाला आजीच्या घरी आम्ही पण खाल्लेत. पण पूर्वी मासा सगळ्या ओढ्याभर पसरून चढायचा, चार पोरांना चार सापडायचे. आता सगळा एका ठिकाणी अडून उभा.

वर चढून काय करतात ते मॅडमनी सांगितलं. पाऊस लागला की हे मासे अंडी घालायला वरच्या अंगाला जातात, कुणी स्वच्छ गोट्यांच्या खळाळात, कुणी काठच्या उथळ पाण्यात. ते खळाळ गाळाने बुजले की अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही. बंधारा म्हणजे मासा अडतोच, पण वर जी जागा उरते ती पण साचल्या पाण्याची होते. साचल्या पाण्यात चिलापीसारखे बाहेरचे मासे खूश.

एक गंमत म्हणून सांगतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने १८३९ च्या सुमाराला दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा इथल्या लोकांनी जी नावं सांगितली तीच त्याने लॅटिनमध्ये घातली. मळ्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. महाशीराचं टॉर खुद्री. कोळशी नावाच्या माशाच्या नावात कोलस. म्हणजे जगभरच्या संग्रहालयात बाटलीवर जे नाव आहे ते कुणा तरी आपल्याकडच्या कोळ्याच्या तोंडचं, आणि मी सातारा जिल्ह्यात जन्मून मळ्या पहिल्यांदा बघितला तो चाळिशीत.

तिथून वर जंगलात शिरलो तर ओढाच वेगळा दिसायला लागला. आधी मला फक्त डोह दिसायचे, पाणी म्हणजे डोह. आता मध्ये मॅडम दाखवत होत्या, हा खळाळ, हा ओला कातळ ज्याच्यावर नुसत्या ओलीवर बेडकाची पिल्लं वळवळतायत (खरंच, पाण्याबाहेर, दगडावर!), ही शेरणी जी पुरात आडवी होते आणि परत उभी राहते, तिच्या मुळांनी गोटे धरून ठेवलेत. आणि आमच्या ड्रॉइंगमधली भिंत बरोब्बर या सगळ्याच्या वर येत होती.

समोर असलेले पर्याय

परत आल्यावर कराडला एकाच्या गच्चीवर बैठक झाली आणि ती चांगलीच तापली.

एक गट म्हणाला सिमेंट बंधाराच करू पण त्यात माशांसाठी वाट ठेवू. मॅडमचं म्हणणं, वाट ठेवता येते पण ती कुठल्या माशासाठी, किती उतार, पुरात टिकेल का, हे सगळं अभ्यासाचं काम आहे, ड्रॉइंगवर एक खाच काढून होत नाही. दुसरा पर्याय वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून नोव्हेंबर-डिसेंबरला घालायचा आणि पावसाआधी काढायचा, स्वस्त आणि सगळ्यांना माहितीचा. तिसरा, सड्यावर सिमेंटचा पाणवठा खणून सोलर पंपाने भरायचा. हा मला फार आवडला होता, फोटो छान आले असते. पण साहेब म्हणाले की सड्यावर बारमाही पाणी दिलं की जनावर तिथेच घुटमळतं, आसपासचं रान चरून-तुडवून साफ होतं, बिबट्याला आयतं, आणि पंप बंद पडला की त्याच जनावरांचे हाल. शिवाय एप्रिलमध्ये सुद्धा या ओढ्यापासून जलाशय काही फार लांब नाही.

चौथा पर्याय मामांनी सुचवला, बोलावलं नव्हतं तरी आले होते. त्यांच्या जुन्या गावठाणात झऱ्याचं दगडी टाकं आहे, गाव उठल्यापासून गाळाने भरलंय, ते साफ करा, झरा मोकळा होईल, ओढ्याला हात लावायला नको.

आणि पाचवा, काहीच करू नका. तो मॅडमचा होता आणि तो बोलून झाल्यावर गच्चीवर कुणी काही बोललं नाही, कारण पैसे जमा झाले होते. जमा झालेला पैसा परत देणं हे बंधारा बांधण्यापेक्षा अवघड काम आहे हे तेव्हा कळलं. हा दुसरा क्षण. आम्ही ओढ्याला काय हवंय यावर मत दिलं नाही, देणगीदारांना काय सांगायचं यावर दिलं.

काय केलं

तडजोड केली. सिमेंट बंधारा रद्द. टाकं साफ करायचं. आणि हद्दीबाहेर, जुन्या बंधाऱ्याच्या वर एका ठिकाणी ग्रामपंचायतीला विचारून एक वनराई बंधारा, लोकांच्या समाधानासाठी. मॅडम म्हणाल्या गोण्या प्लास्टिकच्या आहेत, वेळेत काढा. हो हो म्हणालो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काढायचं ठरलं होतं. वळीव दुसऱ्या आठवड्यात आला, तो पण असा की एका रात्रीत ओढा फुगला. आम्ही पोचलो तेव्हा बंधारा नव्हताच. गोण्यांच्या पांढऱ्या चिंध्या खाली लांबवर शेरणीच्या झुडपांत अडकलेल्या, उंबराच्या मुळांत, दगडांच्या फटीत, वाऱ्यावर फडफडत होत्या, जत्रेतल्या पताका लावल्यासारख्या. दोन रविवार वेचत होतो. हात लावला की धागे सुटायचे, एकेक धागा वेगळा. सगळ्या निघाल्या असं म्हणणार नाही.

टाक्याचं काम मात्र मन लावून केलं. परवानगी रीतसर, वन विभागाचे लोक सोबत, आठ जण तीन दिवस गाळ उपसत होते. खाली घडीव दगडाची फरशी लागली, झऱ्याच्या तोंडाशी देवळी निघाली, मामांनी तिथे पानावर सुपारी ठेवली. आठवड्यात टाकं निवळशंख पाण्याने भरलं. आम्ही खूश, फोटो टाकला, लाइक्स.

पुढच्या महिन्यात गार्डचा फोन आला, टाक्यात भेकराचं पिल्लू बुडून मेलंय.

कारण इतकं सोपं होतं की लाज वाटली. गावाची माणसं कळशी बुडवून पाणी भरायची, त्यामुळे टाक्याच्या भिंती सरळ उभ्या. माणसाला काही अडचण नाही. इतकी वर्षं गाळ साठला होता त्याने एका बाजूला आपोआप उतार झाला होता, जनावरं त्यावरून उतरून पिऊन परत जात होती. म्हणजे जनावरांसाठीचा रॅम्प आम्हीच उपसून बाहेर टाकला होता. मग धावपळ करून एका बाजूला दगड रचून उतार केला, आत एक तिरका ओंडका टाकला बेडूक-सापांना चढायला.

निष्पन्न काय झालं

विभागाने लावलेल्या कॅमेऱ्यात टाक्यावर पहिली आली ती रानडुकरं, त्यांनी टाक्यातून सांडणाऱ्या पाण्याच्या चिखलात लोळण करून टाकली. मग सांबर, भेकर. गवा आला तो पावसाच्या तोंडावर. त्याच काळात ओढ्याचा तो डोह, ज्याचा फोटो टाकून मी हे सगळं सुरू केलं, तो आटला नाही. मामांनी सांगितलं होतंच.

जुन्या बंधाऱ्याला खाच पाडायची किंवा तो काढायचा अर्ज ज्या कार्यालयाकडे जातो तिकडे दिलाय, फाइल फिरतेय. तोपर्यंत ग्रामपंचायतीला विचारून भिंतीच्या खालच्या अंगाला गोटे रचून खडबडीत उतार केला, सिमेंट न वापरता. पुढच्या जूनला मळ्या आणि मुऱ्या त्यावरून चढून भिंतीपलीकडे गेलेल्या आम्ही डोळ्यांनी बघितल्या, मी चक्क ओरडलो. खडशी नाही गेली, तिला पाण्याची खोली लागते. मॅडम म्हणाल्या एका मोसमावरून काही सिद्ध होत नाही, नाचू नका. घमेलंवाली पोरं त्या दिवशी जरा नाराज होती, त्यातला एक मात्र गोटे रचायला आमच्यासोबत होता, तो आता मासे कुठपर्यंत गेले ते बघायला वर जातो.

परत केलं तर काय बदलेन

पैसे आधी गोळा करणार नाही. हे एक नंबर. पैसा आला की त्याला काहीतरी बांधायचंच असतं, आणि "आम्ही वर्षभर फक्त ओढा बघितला" याची पावती कुणाला देता येत नाही. ओढा चारी ऋतूंत एकदा तरी चढून बघायला हवा होता, आम्ही फक्त मेमध्ये बघितला, म्हणजे माणूस झोपेत असताना बघून आजारी ठरवल्यासारखं.

वनराई बंधारा वाईट असं मी म्हणत नाही, गावाच्या शिवारात, विहिरींना पाणी यावं म्हणून, वेळेत काढायची माणसं गावातच असतील तर ठीकच आहे. पण साठ किलोमीटरवरून रविवारी येणाऱ्या ग्रुपने तो घालू नये. टाक्याच्या बाबतीत गाळ काढण्याआधी कॅमेरा लावून कोण कुठून उतरतंय ते बघितलं असतं तर ते पिल्लू वाचलं असतं. आणि मामांना ड्रॉइंग दाखवायच्या ऐवजी आधी त्यांच्यासोबत बसायला हवं होतं, पण यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून एकमत नाही, एकजण म्हणतो मामांचं सगळंच बरोबर नसतं, टाक्याची आयडिया पण त्यांचीच होती. ते पण खरंय.

उरलेले पैसे देणगीदारांना विचारून परत केले, निम्म्या लोकांनी घेतले नाहीत, ते हंगामी मजुरांच्या रेनकोटला आणि गमबुटांना गेले. नावांचा बोर्ड छापून आला होता, तो एकाच्या गॅरेजमध्ये उलटा करून ठेवलाय, त्यावर तो स्कूटर लावतो.

यंदाच्या पुरात गोट्यांचा उतार अर्धा वाहून गेला, त्यामुळे मेमध्ये परत रचायला जायचंय. मामांना फोन केला, काय काय सामान आणू म्हणून. म्हणाले, "दगडं हायती हितं. कंबरपट्टं आना तुमचं."